मावशीच्या पत्रांची पाठ

३ जून

जा. क्र. ११४

प्रति,
मा. केंद्रप्रमुख,
निसर्ग शिक्षण केंद्र, जुने पंपघर, तळ्याकाठी.

विषय : आपल्या केंद्राच्या उपक्रमाचे मूल्यमापन

महोदया,

उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, सहावीच्या चाळीस विद्यार्थ्यांसाठी आपण राबवीत असलेल्या सात आठवड्यांच्या उपक्रमाचे मूल्यमापन या कक्षामार्फत करण्यात येणार आहे. सोबत प्रत्येकी वीस प्रश्नांच्या ऐंशी प्रश्नपत्रिका पाठवीत आहोत. निळ्या शिक्क्याच्या चाळीस उपक्रमापूर्वी व लाल शिक्क्याच्या चाळीस उपक्रमानंतर भरून घ्याव्यात. प्रत्येक ‘हो’ला पाच गुण; ‘नाही’ अथवा ‘सांगता येत नाही’ला शून्य. लाल प्रश्नपत्रिकांची सरासरी निळ्यांपेक्षा किमान वीस गुणांनी अधिक न आल्यास केंद्र चालू ठेवण्याचे प्रयोजन उरत नाही, याची नोंद घ्यावी. पंपघराच्या जागेवर वाहनतळ करण्याचा प्रस्ताव या कार्यालयाकडे आलेला आहे, हे आपल्या माहितीस्तव.

आपला विश्वासू,
सहायक मूल्यमापक

(आत टाचलेली चिठ्ठी)

मावशी, वरचं पत्र मीच लिहिलंय. तुझी फाईल खरं तर माझ्या शेजारी बसणाऱ्या मूल्यमापकाकडे जाणार होती. त्याला ऑफिसात सगळे ‘कुलूप’ म्हणतात, कारण तो ज्या केंद्रावर जाऊन येतो तिथे पुढच्या महिन्यात कुलूप लागतं. मी गयावया करून फाईल मागून घेतली. तू माझी मावशी आहेस हे इथे कुणालाही सांगितलेलं नाही, कारण नातेवाइकाचं मूल्यमापन करायची सक्त मनाई आहे. तेव्हा उत्तर देताना ‘महोदय’ लिही. पाया पडतो, पण ऑफिसात बसून पडतोय म्हणून कुणाला दिसत नाहीये. ही चिठ्ठी फाडून टाक.


९ जून

महोदय ढब्बू,

तुझं पत्र पोचलं. मोठ्या कागदावर तू मला ओळखत नाहीस आणि टाचलेल्या चिठ्ठीवर ओळखतोस. तेव्हा मीही निम्मं निम्मं केलंय.

‘प्रयोजन उरत नाही’ हे वाक्य मी दोनदा वाचलं. शाळेतून निवृत्त झाल्यावर माझ्या बरोबरीच्या बायका गुडघे धरून बसल्या, मी गमबूट चढवले. अकरा वर्षं या दोन खोल्यांत आहे. पंप कधीच काढून नेलाय, त्याच्या चौथऱ्यावर माझी भिंगं आणि जाळ्या मांडलेल्या असतात. दर शनिवारी चाळीस पोरं तळ्यात उतरतात आणि बाहेर येतात तेव्हा कोण कुणाचं ते आयांनाही ओळखता येत नाही. हे मोडून तिथे मोटारी उभ्या करायच्या म्हणे. मोटार कुठेही उभी राहते रे. बेडकाला तसं जमत नाही. आणि खरं सांगू का, मलाही जमणार नाही. हे केंद्र गेलं तर मी सकाळी उठून करू काय?

तुमची प्रश्नपत्रिका वाचली. प्रश्न नववा, ‘मी निसर्गाबद्दल जागरूक आहे.’ हो, नाही, सांगता येत नाही. याला ‘नाही’ कोण म्हणेल? कुऱ्हाड खांद्यावर घेऊन निघालेला माणूसही ‘हो’ म्हणेल! हे प्रश्न ज्यांनी काढले ते तुमचे साहेब, त्यांचा फोटो माहितीपत्रकावर पाहिला. इस्त्री केलेला माणूस. तळ्यात उतरवला तर घडी मोडायला नको म्हणून बुडेल, पण वाकणार नाही. उंटावरून शेळ्या हाकतात नुसते.

आणि ऐंशी प्रश्नपत्रिका एकाच बाजूला छापलेल्या! पर्यावरणाचा कक्ष ना तुमचा? मी कोरा कागद विकत घेत नाही हे तुला जन्मापासून ठाऊक आहे. ज्याची एक बाजू रिकामी तो कागद माझा.

चिठ्ठी फाडलेली नाही. तिच्या मागे शनिवारची यादी केलीय.

तुझी महोदया


१५ जून

मावशी,

तुझं पत्र मी जिन्यात उभा राहून वाचलं. साहेबांबद्दल असं लिहू नकोस गं. माझ्या खणाला किल्ली नाही. शिवाय ते वाईट नाहीत, फक्त त्यांना आकडा लागतो. आकडा नसलेली गोष्ट त्यांना दिसतच नाही.

आता नीट ऐक. अहवालात ‘पालकांचा प्रतिसाद’ असा एक रकाना आहे. कुणाची तक्रार नाही ना? असली तर मिटवून टाक. मागच्या वर्षी एका केंद्राची एकच तक्रार आली होती, ‘मुलाचे मोजे ओले होतात.’ कुलुपाने तेवढ्यावर ते केंद्र बंद पाडलं. तुझ्याबद्दल एक ओळ जरी त्याच्या हाती लागली तर मी काहीही करू शकणार नाही.

(इथे दिवसाढवळ्या एकोणीस दिवे चालू आहेत. मोजू नये असं ठरवलं होतं, पण तुझ्या पत्राने सवय लावली.)

ढब्बू


२७ जून

प्रिय ढब्बू,

पालकांचं म्हणशील तर काळजीच करू नकोस. सगळे माझ्यावर इतके खूश आहेत की येता-जाता थांबून बोलतात. काही जण तर घरी बसून, वेळ काढून, सविस्तर लिहून देतात. त्या रकान्यात ‘प्रतिसाद भरघोस’ असं खुशाल लिही.

निळ्या प्रश्नपत्रिका काल भरून घेतल्या. पोरांनी पाच मिनिटांत उरकल्या. मी म्हटलं, अरे वाचा तरी, तर एक जण म्हणाला, “बाई, सगळ्याला हो आहे.” चौथा प्रश्न, ‘मला पाच पक्षी ओळखता येतात.’ अडतीस जणांचं हो. मी सहज विचारलं कोणते पाच, तर उत्तर आलं : कावळा, चिमणी, कबुतर, कोंबडी आणि वटवाघूळ. बारावा, ‘माझ्या घरातला कचरा कुठे जातो हे मला माहीत आहे.’ चाळीसच्या चाळीस हो. कुठे जातो? “गाडीत!”

सरासरी काढली, ती आली एक्याऐंशी. मग मी कागदावर बेरीज केली. एक्याऐंशी आणि तुझे वीस झाले एकशे एक. शंभरातले एकशे एक मार्क कसे मिळवायचे ते साहेबांना विचार. मी बत्तीस वर्षं गणित शिकवलं, मला ही युक्ती कुणी सांगितली नाही.

तुझी आई विचारत होती तू जेवतोस का. मी म्हटलं, कार्यालयीन पत्रात तसा उल्लेख नाही.

मावशी


२२ ऑगस्ट

मावशी,

जुलैतल्या तुझ्या दोन पानी पत्राला उत्तर दिलं नाही, रागावू नकोस. दौऱ्यावर होतो. काल परत आलो तर टेबलावर तुझा लाल गठ्ठा.

मी तीनदा बेरीज केली. चौथ्यांदा समोरच्या टेबलावरच्या टंकलेखिका बाईंकडून करून घेतली. निळ्यांची सरासरी एक्याऐंशी, लालांची सेहेचाळीस. वाढ राहिली बाजूला, पस्तीस गुणांची घट! सात आठवडे निसर्ग शिकवल्यावर पोरांना निम्मा निसर्ग कळेनासा झाला? कक्षाच्या इतिहासात असं कधी झालेलं नाही. अगदी वाईट केंद्रातसुद्धा पोरं जिथल्या तिथे तरी राहतात!

मी खूप विचार केला. दोन्ही गठ्ठ्यांवर फक्त शिक्के आहेत, तारीख नाही. मुलांची नावं नाहीत. माझ्याकडे ऐंशी कोऱ्या प्रश्नपत्रिका आणि निळी-लाल दोन्ही शाई आहे. उत्तरं नव्या कागदांवर उतरवून निळ्याचं लाल आणि लालाचं निळं केलं तर पस्तीस गुणांची वाढ दिसते. तू फक्त गप्प राहायचंस. कागद रविवारी ऑफिसात कुणी नसताना करीन. एकशे एकचा प्रश्नही त्यात सुटतो.

दोन ओळींत उत्तर कळव.

ढब्बू


२७ ऑगस्ट

ढब्बू,

दोन ओळी पुरणार नाहीत.

पहिलं म्हणजे, तू माझ्यासाठी हे करायला निघालास म्हणून मन भरून आलं. दुसरं म्हणजे, समोर असतास तर कान पिळला असता. दोन्ही खरं आहे, एकाने दुसरं कमी होत नाही.

पोरं सहा आठवडे काठावर बसली होती. दोघं जण एका तपकिरी पक्ष्यावरून अजून भांडतात की ही मादी की वेगळीच जात. त्यांना आता कळलंय की पाच पक्षी ओळखणं ही काय चीज असते. त्यांनी ‘सांगता येत नाही’वर खूण केली. तुमचा शून्य. कचऱ्याच्या गाडीमागून आम्ही शेवटपर्यंत गेलो, तिथला डोंगर पाहिला. याच्यापुढे हा कुठे जातो असं विचारल्यावर चालकाने टोपी काढून डोकं खाजवलं. चाळीसच्या चाळीस जणांनी लिहिलं ‘नाही’, आणि एका मुलीने खाली जोडलं : ‘तिथल्या माणसालाही माहीत नाही. आम्ही विचारलं.’ त्या ओळीला किती गुण? शून्य. सतराव्या प्रश्नाला, ‘मी निसर्गाची काळजी घेतो’, एकाने लिहिलंय, ‘कधी कधी. परवा बेडकावर पाय पडला.’ त्यालाही शून्य.

अरे, त्या पोरांनी आयुष्यात पहिल्यांदा कागदावर ‘मला माहीत नाही’ असं लिहिलं. शाळेत तसं लिहायची सोय नसते. आणि तू ते उचलून ‘शिकण्यापूर्वीचं अज्ञान’ म्हणून नोंदवणार? मग मी अकरा वर्षं केलं काय? तू निळ्याचं लाल करणार नाहीस. केंद्र गेलं तर जाऊ दे. हे वाक्य दोनदा खोडून पुन्हा लिहिलंय, पण जाऊ दे.

आहेत ते आकडे तुझ्या इस्त्रीवाल्यांना दे. कागद कितीही इकडून तिकडे फिरवले तरी मुलं जे शिकली ते बदलत नाही.

मावशी


१ सप्टेंबर

मावशी,

आज एक प्रकार घडला.

तुला माहीतच आहे, आपल्या घरात तुझ्या पत्राची पाठ वाचायची नाही असा दंडक आहे. मामाने एकदा वाचली, तर मागे डॉक्टरांनी कुणाला तरी लिहून दिलेली मूळव्याधीची पथ्यं निघाली, आणि तो आठवडाभर आजोबांच्या नजरेला नजर देत नव्हता. तेव्हापासून आम्ही पुढची बाजू वाचतो आणि घडी घालतो. मागे अक्षर दिसतं, पण तुझ्या कागदामागे अक्षर कधी नसतं?

तुझं शेवटचं पत्र मी टेबलाशी धरून वाचत होतो. शरमेने मान खाली होती. तेवढ्यात समोरच्या टंकलेखिका बाई फिसकन हसल्या. मी पुढची बाजू वाचत होतो आणि त्या मागची. म्हणाल्या, “ही मुख्याध्यापिका कुठली हो?”

उलटून पाहिलं तर शाळेच्या मुख्याध्यापिकेचं तुला आलेलं पत्र : ‘आपल्या विद्यार्थ्यांनी माझ्या खोलीतला दिवा या आठवड्यात तिसऱ्यांदा बंद केला. तिन्ही वेळा मी आत होते.’

मग मी खण उघडून पाचही कागद पालथे घातले. ९ जून, मागच्या तुकडीतल्या एका मुलीचे वडील : ‘मुलगी माझ्या आंघोळीचं पाणी मोजते. आकडा दारावर लिहिते. पाहुण्यांनी वाचला.’ २७ जून, त्याच तुकडीतल्या एका मुलाची आजी : ‘नातू कोळी मारू देत नाही. कोळी माझ्या पलंगावर राहतो. नातू त्याला आजोबा म्हणतो. माझे यजमान जाऊन चार वर्षं झाली, हे मी खपवून घेणार नाही.’ जुलैचं पान एक, किराणा दुकानदार : ‘मुलगी गल्ल्याशेजारी बसून गिऱ्हाइकाला पिशवी आणली का विचारते. नाही म्हटलं तर घरी पाठवते.’ पान दोन, शिंपी : ‘मुलगा चिंधी फेकू देत नाही. दुकानात सात पोती चिंध्या आहेत. मशीनपाशी जायला मला आता आडवं व्हावं लागतं.’

‘सविस्तर लिहून देतात’ म्हणे! तू माझ्यापासून तक्रारी लपवल्यास आणि त्या मलाच पोस्टाने पाठवल्यास. आणि मी मूर्ख तुला म्हणत होतो मिटवून टाक. मावशी, दोन वर्षं मी या खुर्चीत बसून एकच गोष्ट शोधतोय : शिकून गेलेली मुलं घरी काही वेगळं वागतात का? आजपर्यंत एका केंद्राने याचा पुरावा दिलेला नाही. सगळे अभिप्रायच पाठवतात, ‘उपक्रम स्तुत्य’. स्तुत्य म्हटलं की समजायचं घरी काही झालेलं नाही. हा पुरावा आहे! उरलेल्या सगळ्या तक्रारी ताबडतोब पाठव.

ढब्बू


४ सप्टेंबर

ढब्बू,

उरलेल्या नाहीत. छत्तीस होत्या. तू मिटव म्हणालास म्हणून मी पोरांकडून त्यांचा लगदा करून घेतला आणि कागद बनवायला शिकवलं. छान जाड कागद झाला, एकात चुकून झाडाचं एक पान पण आलंय.

तुझ्याजवळ आहेत त्या पाच, एवढ्याच. आणि त्या देऊ नकोस. डोकं ठिकाणावर आहे ना? त्यांच्या पुढच्या बाजूला माझी पत्रं आहेत. ‘ढब्बू’ आहे, तुझी आई आहे, साहेबांची इस्त्री आहे. आणि शेवटच्या पत्रात निळ्या-लालाचं सगळं आहे, तू काय करायला निघाला होतास ते. वाचलं तर तुझी नोकरी जाईल. शपथ आहे.

मावशी


१० सप्टेंबर

मावशी,

शपथ मोडली.

चार दिवस धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी गत होती. झेरॉक्स काढून एकच बाजू द्यावी म्हटलं, तर नियम आहे की तक्रारीची मूळ प्रत लागते. कात्रीने तर पाठ आणि पोट वेगळं होत नाही. शेवटी विचार केला, की माहीत नसताना ‘हो’वर खूण करणाऱ्यांत मी आता एकटाच उरलोय.

काल पाचही कागद आणि खरे आकडे घेऊन साहेबांच्या खोलीत गेलो. म्हटलं, “सर, पुरावा मागच्या बाजूला आहे. पुढची बाजू माझ्याविरुद्ध आहे.” त्यांनी चष्मा बदलला आणि पेन्सिल घेऊन आधी सगळ्या पाठी वाचल्या. मग सगळी पोटं. पंचवीस मिनिटं. इस्त्रीपाशी पेन्सिल थांबली. निळ्या-लालापाशी त्यांनी ती खाली ठेवली.

“या तुमच्या मावशी.”

“हो.”

“तुम्ही शिक्के बदलणार होतात.”

“हो.”

“बदलले का?”

“नाही. तिने बदलू दिले नाहीत.”

बाकीच्या तक्रारी कुठे असं विचारल्यावर लगद्याचंही सांगून टाकलं. मग ते अगदी शांतपणे बोलले, त्यापेक्षा ओरडले असते तर बरं. माझा अहवाल बाद. नातं लपवल्याबद्दल माझी चौकशी, तोवर बसायची जागा तळघरात, जुन्या फायलींपाशी. आकडे मुलांचे आहेत म्हणून ते ग्राह्य, आणि ते उतरलेले आहेत. तक्रारींबद्दल म्हणाले, “लोक वैतागले आहेत एवढंच यातून दिसतं. वैतागलेल्या लोकांना केंद्र नकोच असणार.” वीस तारखेला कुलूप तुझ्याकडे बंदचा आदेश घेऊन येतोय.

म्हणजे मी हात दाखवून अवलक्षण केलं. तुझं केंद्रही गेलं. मला माफ कर. तरी एक सांगतो, काल मला बऱ्याच दिवसांनी भूक लागली. आईला सांग, जेवतो.

ढब्बू


२१ सप्टेंबर

ढब्बू,

तुझं पत्र आल्यावर मी पायरीवर बसून रडले. केंद्रासाठी नाही, म्हणजे केंद्रासाठी पण. मग उठून जाळ्या धुवून ठेवल्या. जायचंच तर स्वच्छ देऊ म्हटलं. पोरांना सांगून टाकलं की शनिवार आता बंद, वीस तारखेला कुलूप लागणार.

काल अकरा वाजता तुमचं कुलूप आलं, तेही हातात खरंखुरं कुलूप घेऊन! सभ्य माणूस आहे. पायपुसण्याला बूट पुसले. आदेश वाचायला लागला तेवढ्यात दारात गर्दी. आंघोळवाले वडील, कोळीवाल्या आजी, किराणा दुकानदार, शिंपी, त्यांच्यामागे मुख्याध्यापिका, आणखी पंधरा-वीस जण. मला वाटलं, आले आता उट्टं काढायला.

आंघोळवाले पुढे झाले. “हे बंद करताय म्हणे?”

कुलूप म्हणालं, “आपल्याच तक्रारींची दखल घेतली आहे. ही आपलीच सही ना?”

“माझीच. आणि तक्रार खरी आहे. अजून दोन लिहून देतो. पण बंद करा असं कुठे लिहिलंय मी?”

“मग तक्रार कशासाठी केली?”

“तक्रार करायला!”

आजी काठी टेकत आत आल्या. “भांडण माझं आणि या बाईचं आहे. ते अजून मिटलेलं नाही. तू कोण रे मधे पडणारा?” शिंपी म्हणाला, “साहेब, पोरगा आधी माझ्याशी बोलायचाच नाही. आता दिवसभर भांडतो. दुकानातून हलत नाही.” हे बोलून तो शर्टाला चिकटलेले दोरे वेचायला लागला आणि सगळी गर्दी उगाच इकडेतिकडे बघायला लागली. मुख्याध्यापिका म्हणाल्या, “दिवा मी हल्ली स्वतःच बंद करते. पण हे मुलांना सांगू नका.”

कुलूप गडबडलं. म्हणालं, जे असेल ते लेखी द्या. कागद कुणापाशी नव्हता. मी नेहमीसारखी शोधाशोध करतेय तेवढ्यात दुकानदाराने त्याच्या हातातला आदेशच घेतला, उलटा केला आणि लिहायला बसला : ‘आम्ही खाली सह्या करणारे पालक लिहून देतो की, मुलांनी आमच्या घरांत जो त्रास चालवला आहे तो बंद करण्याचा कक्षाला अधिकार नाही. तो असाच चालू राहावा. आमच्या तक्रारी कायम आहेत.’ खाली बावीस सह्या.

कुलुपाने तो कागद दोनदा उलटसुलट केला. पुढे बंदचा आदेश, मागे हे. दाराला कुलूप लावावं तर आदेश जवळ हवा, आणि आदेश फायलीला लावायचा तर हे पत्र सोबत जाणार. शेवटी तो कागद आणि ते कुलूप दोन्ही बॅगेत टाकून निघालं. जाताना मला हळूच विचारलं, “कोळी खरंच पलंगावर राहतो?”

मावशी


३० सप्टेंबर

जा. क्र. २०७

प्रति,
मा. केंद्रप्रमुख,
निसर्ग शिक्षण केंद्र, जुने पंपघर.

महोदया,

१. बंदच्या आदेशाच्या मागील बाजूस प्राप्त झालेले निवेदन या कक्षाने तपासले. अशी निवेदने सहसा केंद्रचालकांचे स्नेही देतात, म्हणून ती ग्राह्य धरली जात नाहीत. तथापि आपल्या भाच्यांनी सादर केलेल्या पाच मूळ तक्रारींवरील सह्या निवेदनाशी ताडून पाहिल्या. पाचही जुळतात. उपक्रमामुळे घरात बदल झाला, तो त्रासदायक झाला, आणि ज्यांना त्रास झाला त्यांनाच तो हवा आहे, हे यावरून सिद्ध होते. यापेक्षा भक्कम पुरावा माझ्या सेवाकाळात पाहिलेला नाही. सबब केंद्र पुढील तीन वर्षे चालू राहील. वाहनतळाचा प्रस्ताव परत पाठविण्यात आला आहे.

२. एक्याऐंशी अधिक वीस म्हणजे एकशे एक, ही आपली हरकत मान्य. ते सूत्र मी स्वतः तयार केले होते.

३. यापुढे तक्रारींचा लगदा करू नये.

४. इस्त्रीसंबंधीचा उल्लेख वाचला. इस्त्री मी स्वतः करतो.

५. आपल्या भाच्यांची चौकशी बारा ऑक्टोबर रोजी सकाळी अकरा वाजता आहे. नातेवाइकांस म्हणणे मांडावयाचे असल्यास उपस्थित राहता येईल.

कक्षप्रमुख


४ ऑक्टोबर

ढब्बू बाळा,

तीन वर्षं! मी पत्र वाचून दाखवलं तेव्हा पोरं तळ्यात होती. त्यांनी एवढा धुडगूस घातला की सगळे बेडूक पलीकडच्या काठाला गेले.

आता तुझं. लहानपणी तू प्रगतिपुस्तक गादीखाली ठेवायचास आणि आम्ही तुझ्या आईपाशी तुझ्या वतीने खोटं बोलायचो. चूक आमचीच होती. यंदा तू आपलं प्रगतिपुस्तक आपल्या हाताने साहेबांसमोर ठेवलंस, त्यावर माझं अक्षर होतं तरी. नोकरी राहो, न राहो, मला तुझा अभिमान वाटतो, आणि हे मी कुठल्याही रकान्यात भरायला तयार आहे.

बारा तारखेला मी येतेय. तुझी आईही येते म्हणते, तिला अजून कळलेलं नाही की चौकशी म्हणजे काय. ती तुझा सदरा घेऊन येणार आहे. मुख्याध्यापिका म्हणाल्या त्यांनाही बोलायचंय. आजींना नको म्हटलं तर त्यांनी कालच नवी तक्रार दिली, म्हणून त्याही. साहेबांना आधीच सांगून ठेव, खुर्च्या चार जास्त लागतील.

मावशी